मारक पेशींचा लगाम



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले ते बहुधा कामगार कायद्यावर काही ऐकावयास मिळेल ह्या अपेक्षेने. आम्ही शरीरातल्या मारक पेशींवर बोलतो म्हटल्यावरही त्यांनी निमंत्रण मागे घेतले नाही, ह्याबद्दल त्यांचे आभार. आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण नगरवाचनालयात, एस. टी.च्या प्रवासात आणि लेबर कोर्टाच्या बाकावर तारखेची वाट पाहता पाहता झाले. तेव्हा आम्ही डॉक्टर नाही हे आधीच सांगितलेले बरे. कोणी कोणते औषध घ्यावे हे आम्ही सांगणार नाही. जे वाचले आणि जाणत्यांना विचारून तपासून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो त्याला कारण झाले. २०२० च्या साथीनंतर आमच्या कामगार वस्तीत 'इम्युनिटी' हा शब्द घरोघर शिरला. दुकानांत त्या नावाच्या पावडरी आल्या, काढे आले, गोळ्या आल्या. बारा बारा तास उभे राहून मिळवलेल्या पगारातून माणसे दरमहा त्यांवर पैसे घालू लागली. विचारले तर उत्तर एकच, "भाऊ, प्रतिकारशक्ती वाढवायला नको का?" ह्या प्रश्नाच्या मुळाशी समजूत अशी असते की प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी आहे, जितकी अधिक तितकी बरी. गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांना जे आढळले ते ह्या समजुतीशी जुळत नाही, आणि मारक पेशींच्या हकिकतीत ते जितके उघड दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लसिका पेशी म्हणून एक वर्ग आहे. त्यांतल्या शेकडा ५ ते १५ पेशी ह्या मारक पेशी. इंग्रजीत त्यांना नॅचरल किलर म्हणतात, आणि डॉक्टर मंडळी नुसते एनके म्हणतात. १९७५ मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत रोल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विगझेल ह्यांनी, आणि त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन ह्यांनी, ह्या पेशींचे काम जगापुढे मांडले. ज्या उंदरांना कर्करोगाच्या पेशींची आधी कधीच ओळख करून दिली नव्हती, त्यांच्या प्लीहेतल्या काही पेशी अशा रोगपेशींना थेट मारून टाकीत होत्या. त्या काळच्या पाठाप्रमाणे हे घडावयास नको होते. लस टोचल्यावर किंवा रोग एकदा होऊन गेल्यावर शरीर शत्रूला ओळखावयास शिकते आणि मग मारते, असे सर्वजण मानीत. ह्या पेशी न शिकता मारीत. प्रयोगातच काही खोट असावी, असेही पुष्कळांना वाटले.

खोट नव्हती. पण एक अवघड प्रश्न मात्र उभा राहिला. जी पेशी कोणी न शिकवता मारते, ती आपल्याच शरीराला कसे मारीत नाही?

ह्याचे उत्तर समजून घेण्यासाठी कारखान्याच्या गेटवर जाऊ. गेटवर दोन पहारेकरी आहेत असे समजा. एकाच्या हातात चोरांच्या फोटोंची वही आहे. तो येणाऱ्याची पिशवी उघडून पाहतो आणि वहीशी ताडून पकडतो. दुसऱ्याजवळ वही नाही. तो एवढेच पाहतो की छातीवर बिल्ला आहे की नाही. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर असे बिल्ले असतात. माणसांत त्यांना एचएलए म्हणतात. ही प्रथिनेच आहेत, पण त्यांची गंमत अशी की पेशीच्या आत जी जी प्रथिने तयार होत असतील त्यांचे बारीक तुकडे ही आपल्या खोबणीत धरून बाहेर दाखवितात. पहिला पहारेकरी म्हणजे टी पेशी. ती बिल्ला आणि त्यातला तुकडा ही दोन्ही मिळून वाचते, हे १९७४ च्या सुमारास कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल ह्यांनी दाखविले आणि त्याबद्दल त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचा तुकडा दिसला की टी पेशी त्या पेशीचा निकाल लावते.

आता विषाणूच्या बाजूने विचार करा. बिल्ल्यामुळे आपण पकडले जातो हे त्याच्या 'ध्यानात' आले (अर्थात विषाणूला ध्यान नसते, लाखो पिढ्यांत जे टिकले ते टिकले) तर तो काय करील? बिल्लाच काढून टाकील. कित्येक विषाणू नेमके हेच करतात, आणि कर्करोगाच्या पेशीही करतात. मग वहीवाला पहारेकरी आंधळा होतो. येथे दुसऱ्याचे काम सुरू होते.

हा विचार प्रथम नीट मांडला तो स्टॉकहोमच्याच क्लास केर्रे ह्यांनी, १९८१ च्या आपल्या प्रबंधात. त्यांना वाट दाखविली ती एका जुन्या कोड्याने. १९६४ मध्ये अमेरिकेत गुस्तावो कुडकोविच आणि त्यांचे सहकारी ह्यांनी प्रसिद्ध केले होते की दोन जातींच्या उंदरांच्या संकरातून झालेल्या पिल्लाला आईची किंवा बापाची अस्थिमज्जा दिली तर पिल्लू ती पुष्कळदा नाकारते. अवयवरोपणाचा साधा नियम असा, की शरीर परके ते नाकारते. बापाच्या मज्जेत पिल्लाला परके असे काय असणार? बापाजवळ जे आहे ते सगळे पिल्लाजवळ आहेच. केर्रे ह्यांनी प्रश्न उलटा केला. बापाच्या पेशींवर परके काय आहे हे पाहू नका, तेथे काय नाही ते पाहा. पिल्लाजवळ आईचा आणि बापाचा असे दोन्ही बिल्ले असतात. बापाच्या पेशीवर आईचा बिल्ला नसतो, आणि जी मारक पेशी आईचाच बिल्ला शोधीत असते तिला तो सापडत नाही. १९८६ मध्ये त्यांनी आणि हान्स-गुस्ताफ लुंग्ग्रेन आदी सहकाऱ्यांनी प्रयोगाने हे दाखविले. उंदराच्या एकाच कर्करोगाच्या दोन प्रकारच्या पेशी घेतल्या, एक बिल्ला असलेली आणि एक बिल्ला बराचसा हरवलेली. बिल्ल्याची पेशी उंदरात वाढली. बिनबिल्ल्याची मारली गेली. हरवलेले स्वत्व, असे नाव त्या कल्पनेला मिळाले. हजेरीपटावर ज्याची खूण नाही त्याच्याविषयी चौकशी होते, हे आम्हा युनियनवाल्यांना कोणी सांगावयास नको, पण शरीरही तसेच चालते हे वाचून आम्ही त्या दिवशी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

मात्र कल्पना झाली तरी हात कोठे आहे हे सापडावयास हवे होते. मारक पेशी बिल्ला चाचपते ती कशाने? तिच्या कातडीवर उभ्या असलेल्या ग्राही प्रथिनांनी. १९९२ मध्ये अमेरिकेत वेन योकोयामा आणि त्यांचे सहकारी ह्यांनी उंदरात असे पहिले ग्राही दाखवून दिले. बिल्ल्याशी त्याची गाठ पडली की मारक पेशी थांबते. माणसात हे काम मुख्यतः 'किर' नावाच्या ग्राहींचे कुटुंब करते. त्यांच्या शोधात इटलीतील जेनोवाच्या अलेस्सांद्रो आणि लोरेन्झो मोरेत्ता ह्या बंधूंचा वाटा मोठा आहे. त्याशिवाय एनकेजी-२-ए नावाचे आणखी एक ग्राही एचएलए-ई ह्या वेगळ्या बिल्ल्याकडे पाहते. (ही नावे यंत्राच्या सुट्या भागांच्या नंबरांसारखी आहेत, त्याला आमचा इलाज नाही.)

येथवर ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे बिल्ला नाही की मार. तसे नाही. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर एचएलएचा बिल्ला जवळजवळ नसतोच, तरी मारक पेशी त्यांना हात लावीत नाहीत. कारण मारक पेशीच्या अंगावर थांबविणारी ग्राही आहेत तशी चिथावणारीही आहेत, आणि त्यांना काही दिसल्याखेरीज वार होत नाही. एनकेजी-२-डी हे त्यांतले प्रसिद्ध. पेशी संकटात सापडली, तिच्या गुणसूत्रांना इजा झाली, विषाणू शिरला, कर्करोगाकडे ती झुकली, की तिच्या अंगावर मिका, मिकबी अशी काही प्रथिने उगवतात. निरोगी पेशीवर ती बहुधा नसतात. एनकेजी-२-डी ती ओळखते, हे १९९९ मध्ये समजले. आणखी एक ग्राही, सीडी-१६, प्रतिपिंडांची शेपटे पकडते, म्हणजे दुसऱ्या कोणी शत्रूवर खूण करून ठेवली असेल तर ती ह्याला वाचता येते.

तेव्हा प्रत्येक भेटीत मारक पेशी दोन्ही बाजू ऐकते. चिथावणाऱ्या ग्राहींनी काही पकडले की पेशीच्या आत त्यांच्या जोडीच्या प्रथिनांवर फॉस्फेटच्या खुणा चढतात आणि निरोप पुढे पुढे जाऊ लागतो. थांबविणाऱ्या ग्राहीने बिल्ला पकडला की त्याच्याही शेपटावर फॉस्फेट चढते, पण तेथे एक असे विकर येऊन बसते की जे शेजारच्या फॉस्फेटच्या खुणा पुसून टाकते. निरोप जेथे लिहिला जात होता तेथल्या तेथे खोडला जातो. हे सर्व दोन पेशी जेथे एकमेकींना चिकटल्या त्या चिमुकल्या जागेत चालते. त्यामुळे एकीला सोडून शेजारची मारावयाची असेल तर तेही जमते. खोडण्याचे काम कमी पडले तर मारक पेशी आपल्या आतले दाणे त्या ठिकाणी ओतते. दाण्यांतले परफोरिन समोरच्या पेशीला भोके पाडते, ग्रँझाइम आत जातात, आणि ती पेशी आतून आपले आवरते घेते. मारक पेशी तेथून सुटून पुढच्या पेशीकडे जाते.

ह्याहून नवलाची गोष्ट २००५ मध्ये योकोयामा ह्यांच्याच प्रयोगशाळेतून आली. काही मारक पेशी अशा असतात की त्यांच्या अंगावर स्वतःच्या शरीरातल्या बिल्ल्याला ओळखणारे थांबविणारे ग्राही नसतेच. त्या तर सर्वांत भयंकर असावयास पाहिजेत. प्रत्यक्षात त्या मंद असतात. ज्या पेशीने वाढीच्या काळात आपल्या शरीराच्या बिल्ल्याशी गाठ घालून 'थांब' हा हुकूम घेतला, तिलाच पुढे मारण्याची पूर्ण ताकद येते. जिला थांबविणारे कोणी नाही तिच्या हाती शरीर हत्यार देत नाही. आमच्या क्षेत्रात पुढारी नेमताना हा नियम लावता आला असता तर कित्येक संप वाचले असते, पण तो विषय आज नको.

विषाणूही गप्प बसलेला नाही. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू जगातल्या पुष्कळ माणसांच्या शरीरात जन्मभर निजून असतो. तो टी पेशी चुकविण्यासाठी बिल्ले खाली खेचतो. मग मारक पेशी अंगावर येणार, म्हणून तो एक बनावट बिल्ला वर चढवितो, एचएलए-ई जागेवर राहील अशी तजवीज करतो, आणि संकटाच्या खुणा पेशीच्या आतच दाबून ठेवतो. उंदरांचाही असाच एक विषाणू आहे. त्याच्याही बनावट बिल्ल्याने काही जातींच्या उंदरांतले थांबविणारे ग्राही फसते. दुसऱ्या काही जातींत मात्र त्याच बनावट बिल्ल्यावर बसणारे चिथावणारे ग्राही आहे, आणि त्या उंदरांना हा विषाणू सहजी मारू शकत नाही. हे २००२ मध्ये कळले.

मारक पेशी मुळीच नसल्या तर काय होते तेही पाहावयास मिळाले आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतून एका मुलीची हकिकत प्रसिद्ध झाली. तिच्या रक्तात मारक पेशी नव्हत्या, आणि कांजिण्या, सायटोमेगॅलो, नागिणीच्या कुळातले विषाणू ह्यांनी तिला एकामागून एक जीवघेणे आजार झाले. आणि पेशी आहेत पण हत्यार नाही, अशी मुलेही असतात. परफोरिनचा वंशतंतू बिघडलेला असतो, हे १९९९ मध्ये सापडले. अशा मुलांचा प्रतिकार दुबळा असेल असे आपण म्हणू. घडते उलटे. त्यांच्या शरीरात प्रतिकाराचा भडका उडतो आणि तो विझत नाही. ताप हटत नाही, यकृत-प्लीहा सुजतात, वेळीच उपचार न झाल्यास मूल दगावते. कारण मारक पेशी आणि त्यांच्या भावंड टी पेशी ह्यांचे एक काम शत्रू संपल्यावर चिथावलेल्या आपल्याच पेशींना आवरणे, हेही असते. ते काम करणारे हत्यार गेले की भडका पुढे पुढे पेटत राहतो. 'वाढवा' म्हणणाऱ्या बाटलीवाल्याला विचारावे, ह्यांतले नेमके काय वाढवू? चिथावणारे की थांबविणारे?

जशी वाढविण्याची विक्री आहे तशी दाबण्याचीही आहे, आणि ती अधिक महाग आहे. मूल राहत नाही किंवा गर्भपात वारंवार होतात अशा जोडप्यांना काही ठिकाणी रक्तातल्या एनके पेशी मोजून घ्या म्हणतात, आणि आकडा जास्त आला म्हणून स्टिरॉइड किंवा शिरेतून तेलाचे द्रावण देतात. आमच्या युनियनमधील एका कामगाराने ह्यापायी पतपेढीचे कर्ज काढलेले आम्ही पाहिले आहे. गर्भाशयात आरंभीच्या महिन्यांत मारक पेशींची दाटी होते हे खरे आहे, तेथल्या पांढऱ्या पेशींत शेकडा ७० पर्यंत त्याच असतात. पण त्या रक्तातल्या मारक पेशींहून निराळ्या आहेत. त्यांचे काम मूल मारण्याचे नाही. वारेच्या पेशींबरोबर त्या आईच्या रक्तवाहिन्या रुंद करावयास मदत करतात, म्हणजे बाळाला रक्त पुरेसे जावे. दंडातल्या रक्तातला आकडा गर्भाशयात काय चालले आहे ते सांगत नाही. केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट ह्यांनी ह्या तपासण्यांविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले आहे. त्यांच्याच गटाने २००४ मध्ये दाखविले की आईकडे किर ग्राहींचा थांबविणाऱ्यांकडे झुकणारा संच असेल आणि बाळाकडे एचएलए-सीचा एक विशिष्ट प्रकार असेल, तर गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा जो धोक्याचा विकार आहे तो होण्याचा संभव अधिक. म्हणजे तेथे अडचण मारक पेशी फार चिथावल्याची नाही, फार दाबल्याची आहे. आणि त्यांना आणखी दाबण्याचे औषध विकले जाते आहे!

ग्राहींच्या ह्या ज्ञानाने रुग्णाचा प्रत्यक्ष लाभ झाला आहे का, हे विचारावयास हवे. झाला आहे, पण जाहिरातीत असतो तसा नाही. किरचे वंशतंतू १९ व्या गुणसूत्रावर आणि एचएलएचे ६ व्या. ती दोन्ही स्वतंत्रपणे वाट्याला येतात, त्यामुळे सख्ख्या भावंडांचे बिल्ले जुळले तरी ग्राही जुळतीलच असे नाही. रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जा देताना बिल्ले पूर्ण जुळणारे भावंड चारात एक ह्या हिशेबाने मिळते. न मिळाल्यास आई, बाप, मूल ह्यांची अर्धी जुळणारी मज्जा घेतात. इटलीत पेरुज्याला आंद्रेआ वेलार्दी आणि लोरेदाना रुजेरी ह्यांनी असे रुग्ण पाहिले, आणि २००२ मध्ये लिहिले की दात्याच्या मारक पेशी जो बिल्ला शोधतात तो रुग्णाकडे नसेल, तर अस्थिमज्जेतून येणाऱ्या एका तीव्र कर्करोगात रोग उलटण्याचे प्रमाण पुष्कळच घटते. नवी मज्जा रुग्णाच्या कातडीवर आणि आतड्यांवर उठत नाही, उरलेल्या रोगपेशींवर मात्र उठते. पिल्लाने बापाची मज्जा नाकारली होती, तोच न्याय येथे माणसाच्या बाजूने लागला. लसिका पेशींच्या कर्करोगात प्रौढांना तो लाभ दिसला नाही, आणि पुढे इतर रुग्णालयांत रोपणाची रीत बदलली तसे फळही बदलले. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी अर्धी मज्जा कोण देणार ह्यावर जी रात्रभर बोलणी झाली ती आम्ही ऐकली आहेत. धाकट्याची बायको घाबरली होती, आणि तिला कोणी चार वाक्ये समजावून सांगितली नव्हती. मज्जा दिल्याने देणाऱ्याची कायमची कमी होत नाही, ती पुन्हा भरून येते, एवढे सांगितल्यावर ती स्वतःच नवऱ्याला घेऊन गेली.

मग साहजिकच वाटले की थांबविणाऱ्या ग्राहींवर झाकण बसवावे म्हणजे मारक पेशी मोकळ्या होऊन कर्करोगावर तुटून पडतील. टी पेशींच्या बाबतीत ही युक्ती साधली होती, आणि जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होन्जो ह्यांना २०१८ चे नोबेल त्यासाठीच मिळाले. एनकेजी-२-ए झाकणारे औषधही तयार झाले. डोके आणि मान ह्यांच्या कर्करोगावर त्याची मोठी चाचणी झाली, आणि उपयोग दिसेना म्हणून २०२२ मध्ये ती थांबविली. लगाम काढला तरी चिथावणारी खूण समोर हवी. कित्येक गाठी तर मिकाच्या खुणा अंगावरून छाटून रक्तात सोडून देतात, आणि मारक पेशीची ग्राही त्या रिकाम्या खुणांतच गुंतून पडतात.

सध्या आशा आहे ती दुसऱ्या मार्गाकडून. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात केटी रेझवानी आणि त्यांचे सहकारी बाळाच्या नाळेतल्या रक्तातून मारक पेशी काढून त्यांच्यावर एक बनविलेले ग्राही चढवितात. ते एका प्रकारच्या लसिका पेशींवरील खूण पकडते. २०२० मध्ये त्यांनी ११ रुग्णांचा वृत्तान्त दिला. त्यांपैकी ८ जणांना गुण आला, ७ जणांत रोगाचा मागमूस राहिला नाही. २०२४ मध्ये ३७ रुग्णांचा वृत्तान्त आला तेव्हा गुण आलेल्यांचे प्रमाण सुमारे निम्मे होते. पहिल्या आकड्याहून ते कमी आहे, आणि त्यांनी ते तसेच छापले. ह्याच दुसऱ्या वृत्तान्तात आम्हांस विशेष वाटलेली गोष्ट अशी, की कोणाला गुण येणार हे पुष्कळसे रक्त कोठल्या बाळाचे आणि ते कसे हाताळले ह्यावर ठरत होते. जे रक्त बाळंतपणानंतर २४ तासांच्या आत गोठविले गेले त्याच्या पेशी अधिक चांगल्या निघाल्या. म्हणजे पहाटे तीन वाजता नाळेतले रक्त पिशवीत घेणारी परिचारिका, ती पिशवी पेटीत घालून नेणारा ड्रायव्हर, आणि रात्रपाळीला यंत्राशी बसलेला तंत्रज्ञ, ह्यांच्या कामाचे तास ह्या औषधात मोजले जातात.